डॉक्टरीणबाईंची थापी

मिस्त्रीची बायको गेली हे त्या घरात सगळ्यांत आधी मला कळलं. मी अंगणातल्या नळापाशी, उपड्या घातलेल्या घमेल्यावर पडले होते आणि माझ्या मुठीवर एक वीट होती. दुपारी मिस्त्री दवाखान्यातून एकटाच परत आला. तो घरात गेला नाही. वाकून त्याने माझ्यावरची वीट उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "गेली." समोर माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मग त्याने अंगणभर पडलेल्या विटा गोळा केल्या. एकोणतीस होत्या. त्या जिन्याखाली रचल्या, मलाही त्यांच्यावर टाकलं, वरून पोतं झाकलं, हात धुतले आणि मग आत जाऊन आपल्या थोरल्या बहिणीला सांगितलं. आधी विटा लपवल्या, मग बातमी दिली. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. तो असं का वागला, तेच मला सांगायचं आहे.

मी एक जुनी थापी आहे. वाळू, सिमेंट आणि पाणी कालवून जो चिखल होतो त्याला गवंडी माल म्हणतात. तो माल कालवायचा, उचलायचा आणि विटेवर पसरायचा, हे थापीचं काम. माझ्या बहिणी लांब आणि टोकदार नाकाच्या असतात. मी बुटकी आणि गोल नाकाची आहे. त्यात शहाणपण काही नव्हतं. लोहाराकडे मोडक्या गाडीच्या पाट्याचा एक तुकडा उरला होता, तो तोकडा पडला. टोक काढायला लोखंडच नव्हतं, म्हणून त्याने नाक गोल करून टाकलं.

दुकानात मी दोन वर्षं खिळ्याला लटकत होते. गवंडी यायचे, मला हातात घ्यायचे, "ही काय पोराटोरांना खेळायला ठेवलीय का?" म्हणायचे आणि परत लटकवायचे. एके दिवशी मिस्त्री फावडं घ्यायला आला. त्याची बायको बरोबर होती. तिने आधी एक लहान घमेलं निवडलं. ते बोटाने वाजवून पाहिलं, तळाला आतून हात फिरवला.

दुकानदार हसला. "बाई, यात काय बाळाला अंघोळ घालणार?"

"बाळ मावलं असतं तर मोठंच म्हटलं असतं हो," ती म्हणाली.

मग तिने दुकानातली एकेक थापी त्या घमेल्यात घालून फिरवली. टोकदार थाप्यांचं नाक तळाच्या गोलाईला लागत नव्हतं, खाली एक पट्टी कोरडीच राहत होती. माझं नाक मात्र त्या गोलाईत बरोबर बसलं. ती म्हणाली, "ही." मिस्त्री म्हणाला, "अगं, ही बुटकी?" ती म्हणाली, "घमेलंही बुटकंच आहे." अशी आमची निवड झाली. तेव्हा मला फार आनंद झाला होता.

आमचं काम लहान असायचं. कुणाची खिडकीखालची कड फुटलेली, कुणाच्या नळाभोवती भोक राहिलेलं, कुणाची एक फरशी हलते आहे. मोठ्या भिंती मिस्त्री बांधायचा. हे किडूकमिडूक त्याने बायकोकडे दिलं होतं. ती अर्ध्या तासात संपेल तेवढाच माल कालवायची. आधी वाळू आणि सिमेंट कोरडंच कालवायची, सगळीकडे एकच रंग येईपर्यंत. मग मधे खळगा करायची आणि कान तुटलेल्या कपाने पाणी घालायची. शेवटचं पाणी तर ती कपानेही घालत नसे, बोटं बुडवून शिंपडायची. कालवून झालं की मला मालासकट उलटं धरायची. माल खाली पडला नाही म्हणजे जमला. अर्धा तास होऊन गेला आणि माल उरला तर तो ती टाकून द्यायची. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालायची नाही. म्हणायची, "मेलाय तो. पाणी पाजलं की मऊ होतो, पण जिवंत होत नाही." नंतर ती आम्हाला लगेच धुवायची आणि घमेलं उपडं घालून मला त्यावर वाळत ठेवायची.

मिस्त्री चारचौघांत म्हणायचा, "आमची बायको माल कालवत नाही, चमच्याने औषध पाजते. डॉक्टरीणबाई आहे." कामावरची माणसं हसायची. तिला तेच नाव पडलं. मिस्त्रीला ते हसणं आवडायचं, म्हणून तो रोज काहीतरी नवं म्हणायचा. ती कधी उलट बोलायची, कधी नाही. घरी नणंद होतीच. ती म्हणायची, "दिवसभर घमेलंभर चिखल करते आणि संध्याकाळी कंबर धरून बसते. आम्ही नाही बाई पाहिली अशी नाजूक."

मग मिस्त्रीने मशीन आणलं. हाताएवढी मोटर, पुढे लांब दांडी आणि दांडीच्या टोकाला वाकडी पाती. त्याबरोबर एक निळा पिंप. बटण दाबलं की पिंपभर माल पाच मिनिटांत तयार. खोटं कशाला बोलू, मोठ्या भिंतीला ते मशीनच बरं. तिथे मी आणि घमेलं दिवसभर राबलो असतो तरी भिंत गुडघ्याच्या वर गेली नसती. पण ओंजळभर मालाला ते मशीन म्हणजे वाटीभर दुधात वल्हं घालण्यासारखं.

हे मिस्त्रीला कोणी सांगायचं? शेजाऱ्याची एक पायरी फुटली होती. चार माणसं उभी होती. मिस्त्री म्हणाला, "आज डॉक्टरीणबाईंना सुट्टी," आणि त्याने मशीन आमच्या घमेल्यात घातलं. घमेलं मशीनबरोबर गरागरा फिरलं आणि सगळा माल मिस्त्रीच्या तोंडावर, मिशीवर, डोळ्यांत उडाला. चौघंही पोट धरून हसले. तीही हसली. तोंडावर हात धरून हसली, पण हसली. मिस्त्रीने तोंड पुसलं आणि त्या पाच जणांतून तिच्या एकटीकडेच पाहिलं.

त्या दिवसापासून घमेलं जिन्याखाली गेलं. मला त्याने पिंप खरवडायला घेतलं. वाळून दगड झालेला माल मी नाकाने खरवडायची. रंगाचे डबेही माझ्याच नाकाने उघडायचे. माझं नाक डावीकडे वाकलं. ती एकदा म्हणाली, "अहो, खरवडायला दुसरं काहीतरी घ्या ना. ती कालवायची आहे." मिस्त्री म्हणाला, "तूही कालवायचीच होतीस. आता तूही खरवड." आणि पिंप तिच्याकडे ढकलला. तेव्हापासून पिंप ती खरवडायची, माझ्याचकडून. आम्ही दोघी एकाच कामाला लागलो.

आता जिन्याचं सांगते. मिस्त्रीने गावभर घरं बांधली, पण त्याचं स्वतःचं घर उरल्यासुरल्याचं होतं. न्हाणीत तीन रंगांच्या फरशा होत्या, तीन वेगवेगळ्या कामांवरून उरलेल्या. खिडकीची एक झडप दुसरीपेक्षा चार बोटं उंच होती. अंगणातून गच्चीवर जायला बाहेरून जिना होता, वर पायऱ्या संपतात तिथे एक लहानसा चौक होता, आणि त्या चौकाला कठडा नव्हता. कपडे वाळत घालायची दोरी तिथेच होती. ओल्या कपड्यांची बादली घेऊन ती रोज तिथे उभी राहायची. नऊ वर्षं ती कठडा मागत होती.

"पडेन एखाद दिवशी," ती म्हणायची.

"पडलीस तर कळव," तो म्हणायचा. नणंद हसायची.

एके दिवशी चार वाजता मिस्त्री पिंप घेऊन घरी आला. कुठल्याशा कामावर सकाळी नऊला कालवलेला माल उरला होता, जवळजवळ पाव पिंप. तो घट्ट झाला होता. त्यात मला उभी खुपसली असती तर मी तशीच उभी राहिले असते. मिस्त्री म्हणाला, "घे, तुझा कठडा आला." त्याने पिंपात अर्धी बादली पाणी ओतलं आणि मशीन घातलं. माल लोण्यासारखा मऊ झाला.

"अहो, हा मेलाय," ती म्हणाली.

"तू डॉक्टरीण. बघ नाडी."

"घमेलं काढू का? मी थोडं थोडं ताजं कालवून देते. दोन दिवस लागतील, पण..."

"तू आणि तुझं ते घमेलं," मिस्त्री म्हणाला, "दोघंही नुसती जागा अडवून बसलात. काम नखभर." नणंद दारात उभी होती. ती म्हणाली, "नऊ वर्षं कठडा कठडा केलं, आता माणूस बांधतोय तर त्यातही खोड काढायची. धन्य आहे बाई."

परक्याच्या कामावर मिस्त्रीने असं कधी केलं नसतं. तो चांगला गवंडी आहे, हे मला माहीत आहे. परक्याच्या कामावर तो असा पिंप उलथा करून टाकायचा. पण हे त्याचं घर होतं. अकरा थर त्याने तासाभरात चढवले. ओळंबा सोडून पाहिला. कठडा अगदी सरळ होता, दिसायला गावात एक नंबर.

पुढचे बारा दिवस ती कठड्याला पाणी मारत होती. ती सकाळ-संध्याकाळ घमेल्याने पाणी वर न्यायची. मेलेल्याला पाणी पाजून काही होत नाही हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, तरी मारत होती. तेराव्या दिवशी तिने मला वर नेलं आणि माझ्या नाकाने दोन विटांमधली सांध उकरली. मी जोर लावला नाही. नुसती टेकले. राख पडावी तसा भुगा पडला. तो तिने तळहातावर घेतला, खाली आली आणि जेवायला बसलेल्या मिस्त्रीच्या ताटाशेजारी हात धरला.

"बघा."

मिस्त्रीने भुग्यावर फुंकर मारली. तो तिच्या तोंडावर उडाला. "टेकू नकोस म्हणजे झालं," तो म्हणाला.

ती टेकली नाही. सात आठवडे टेकली नाही. एका सकाळी मात्र तिने पिंपातून मला काढलं, दगडावर ठोकून माझं नाक सरळ केलं, घमेलं घासलं, आम्हाला नळापाशी वाळत ठेवलं आणि नणंदेला म्हणाली, "वन्सं, आज मी त्या सांधी उकरून नव्या भरते. रोज घमेलंभर. कपडे वाळत घातले की सुरुवात करते."

"कर. तेवढंच राहिलंय," नणंद म्हणाली.

त्या दिवशी वारा होता. धुतलेलं घोंगडं दोरीवरून सुटलं आणि कठड्यापलीकडे घसरलं. ती ते धरायला वाकली. एवढंच झालं. माणूस घोंगडं धरताना आठवडे मोजत नाही. वरचे पाच थर तिच्याबरोबर खाली आले. एक वीट माझ्यावर पडली आणि माझी मूठ चिरली.

आता तुम्हाला कळलं असेल, मिस्त्रीने ती वीट उलटसुलट करून का पाहिली. चांगल्या मालात बसलेली वीट निघाली तर माल घेऊन निघते. त्या विटांवर मालाचा कणसुद्धा नव्हता. भट्टीतून आल्या तशा स्वच्छ होत्या. कुठल्याही गवंड्याने त्या पाहिल्या असत्या तर त्याला सगळं कळलं असतं. म्हणून त्या पोत्याखाली गेल्या.

येणाऱ्या-जाणाऱ्याला नणंद सांगायची, "तिचं लक्षच नसायचं हो. कुठे बघून चालायची देव जाणे. घोंगड्यापायी जीव घालवला." मिस्त्री शेजारी बसून ऐकायचा आणि मान हलवायचा. पोत्याखाली मला सगळं ऐकू यायचं, पोत्याच्या भोकातून दिसायचंही.

आठ महिन्यांनी त्याची मुलगी चार दिवस राहायला आली. तिचं सासर लांब आहे. लहानपणी ती आईशेजारी बसायची, कपाने पाणी घालायचं काम तिचं असायचं. दुसऱ्या दिवशी ती कपडे घेऊन वर गेली. कठड्याचे खालचे सहा थर अजून उभे होते. मिस्त्रीने वरच्या भागाला नुसती दोरी बांधली होती. मुलीने बादली ठेवायला एका हाताने कठड्याचा आधार घेतला.

"हात लावू नको!" मिस्त्री अंगणातून ओरडला.

"का?"

"ओला आहे अजून."

मित्रांनो, गवंड्याने दहा महिन्यांच्या कठड्याला ओला म्हणावं? मुलीने त्याच्याकडे पाहिलं. मग ती खाली बसली आणि नखाने सांध उकरली. भुगा तिने दोन बोटांत चोळला.

"बाबा, हा माल कधी कालवला होता?"

"झाले की दहा महिने."

"महिना नाही विचारत. वाजले किती होते?"

मिस्त्रीने वर कठड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नऊ."

"आणि लावला?"

"चार वाजून गेले होते."

"आईला माहीत होतं?" त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. "माहीत होतं," मुलगी स्वतःच म्हणाली. "तिला न कळून कसं चालेल. आत्या म्हणते आईचं लक्ष नव्हतं. माझ्या सासरी येऊनसुद्धा हेच सांगून गेली. माझ्या सासूबाईंनी मला तोंडावर विचारलं, तुझी आई वेंधळी होती का गं? तुम्हीही आला होतात, तिथे बसून मान हलवत होतात, बाबा."

"हळू बोल. ताई ऐकेल."

"ऐकू द्या ना. सांगा तिला."

आतून आत्या म्हणाली, "काय गं, काय झालं?"

मुलगी मिस्त्रीकडे बघत थांबली. मिस्त्री म्हणाला, "काही नाही ताई. ऊन लागलंय तिला."

मुलगी त्याच दुपारी गेली. जाताना तिने कठड्याची एक वीट हातानेच उपटली, कुठे पुरावा म्हणून नाही, नुसती उपटली आणि अंगणाच्या मधोमध ठेवली. मिस्त्री तिला सोडायला फाटकापर्यंत गेला. ती मागे वळली नाही. त्यानंतर तिने फोन उचललेला नाही.

ती वीट तीन दिवस तिथेच होती. आत्या तिला ठेचकाळली आणि कुणाच्या नावाने तरी शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी मिस्त्रीने उरलेला कठडा पाडला. त्याला हातोडा लागला नाही. मग त्याने पोतं काढलं आणि मला उचललं.

आधी तो आपली मोठी टोकदार थापी घेऊन बसला होता. ती घमेल्याच्या काठाला आपटत होती आणि तळाशी कोरडी पट्टी राहत होती. म्हणून मी. माझ्या चिरलेल्या मुठीला त्याने तार गुंडाळली. माझी मूठ तिच्या हाताने झिजली आहे, अंगठ्याच्या जागी एक खळगा आहे. त्याचा अंगठा त्यात मावत नाही. तो मला अवघडून धरतो. पहिल्या दिवशी त्याने बादलीनेच पाणी ओतलं, माल पातळ झाला, टाकून दिला. मग कान तुटलेला कप शोधला. तो फडताळात मागे होता. तिने धुऊन ठेवला होता, तसाच.

दुसऱ्या खेपेला माल जमला. त्याने मला उलटं धरून पाहिलं, माल पडला नाही. त्याने तीन विटा बसवल्या. मग तो पायरीवर बसला. कुठे बघत होता माहीत नाही. अर्धा तास उलटून गेला. उठला तेव्हा माल घट्ट झाला होता. आणि मित्रांनो, त्याचा हात कपाकडे गेला. त्याने पाणी घातलं. मला दोनदा फिरवलं. माल लोण्यासारखा मऊ झाला.

तेव्हा तो थांबला. त्याने घमेलं उलटं केलं, तीन विटा उपटल्या, धुतल्या आणि तो दिवस तसाच गेला. आता तो रोज एक घमेलंभर माल कालवतो आणि अर्ध्या तासात जेवढ्या बसतील तेवढ्याच विटा बसवतो. आत्या दारातून विचारते, "काय रे, तुलाही लागलं का तिचं वेड? डॉक्टरकी करतोस?" तो पुढची वीट उचलतो.

अशा गोष्टीच्या शेवटी थापीने म्हणायचं असतं, की मुलांनो, हत्यारं जपा, धुवा, कोरडी ठेवा. तसं मी म्हणणार नाही. मिस्त्री आता मला रोज धुतो, पुसतो, तेलसुद्धा लावतो. माझ्यावर गंजाचा एक ठिपका नाही. तुम्ही माझ्याकडे पाहून त्याला चांगला माणूस म्हणाल. म्हणू नका. लोखंड धुणं सोपं असतं, लोखंड काही विचारत नाही. ज्या बाईने मला निवडलं तिने त्याला एकच गोष्ट मागितली होती, ताजा माल. थोडाच, पण ताजा. तो कालवायला त्याच्या मशीनला तेव्हा पाचच मिनिटं लागली असती.

कठड्याचे सहा थर झाले आहेत. सांधी पक्क्या आहेत, मी नाकाने टोचून पाहिल्या, कण पडला नाही. पाच थर बाकी आहेत. आज सकाळीही आत्या फाटकापाशी कुणाला तरी सांगत होती की तिचं लक्षच नसायचं, आणि मिस्त्री हातात मला घेऊन तिच्यापासून चार पावलांवर उभा होता. आत्याला खरं सांगायचं त्याचं अजून राहिलं आहे.